उंची उपाहारगृहातील मुलाखत आणि गावाकडचा उमेदवार
(शिरूर व दौंड तालुक्यांतील शिक्षक आणि पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



नोकरीची मुलाखत म्हटली की या दोन तालुक्यांत रांजणगाव व कुरकुंभ येथील कारखाने, रेल्वे आणि पोलीस भरती यांचीच आठवण होते. त्यांची तयारी कशी करावी, हे आता गावोगावी ठाऊक झाले आहे. परंतु पुण्यात कोरेगाव पार्क, कल्याणीनगर या भागांत जी उंची उपाहारगृहे आहेत, त्यांनाही माणसे लागतात. तेथील मुलाखतीस निघालेल्या मुलाला मात्र सल्ला देणारे गावात सहसा कोणी भेटत नाही. 'वेटरचे काम' एवढे म्हणून त्याची बोळवण होते, आणि मुलगाही मनातून खजील होऊनच एस. टी.त बसतो. पहिला तोटा तेथेच होतो.

या उपाहारगृहांपैकी सर्वांत अनोळखी प्रकार म्हणजे स्टेकहाऊस. म्हणून उदाहरणादाखल तोच घेऊ. स्टेक म्हणजे स्नायूच्या धाग्यांना आडवा छेद देऊन कापलेला मांसाचा जाड तुकडा. तो गिऱ्हाईक सांगेल तितकाच भाजावयाचा असतो. आतून लालसर ठेवलेला 'मीडियम रेअर' साधारण 55 अंश सेल्सियसवर उतरवतात. पूर्ण भाजलेला 'वेल डन' 70 अंशांच्या पुढे जातो. कमी भाजलेला तुकडा पुन्हा आचेवर ठेवता येतो. जास्त भाजलेला मागे आणता येत नाही. त्यामुळे ऑर्डर घेणाऱ्याने हा एक प्रश्न विचारला नाही, तर महागडी ताटली परत स्वयंपाकघरात जाते. मुलाखतीत पदार्थाची माहिती विचारतात ती याचसाठी. इंग्रजीची परीक्षा घेण्यासाठी नव्हे. ज्या मुलाने जत्रेच्या दिवशी खाटकाकडून चाप कोणती, मांडी कोणती आणि कोणता वाटा लवकर शिजतो हे पाहिले आहे, त्याला मांसाचे निरनिराळे भाग समजणे जड जात नाही. नावे तेवढी नवी असतात, ती दोन दिवसांत पाठ होतात.

मांस कोणते, हा प्रश्नही उमेदवाराच्या मनात असतो, आणि घरच्यांच्या तर असतोच. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी आली. 2015 मध्ये ती बैल व वळू यांनाही लागू झाली. येथील स्टेक त्यामुळे म्हैसवर्गीय जनावराचा, कोंबडीचा, मेंढीचा किंवा माशाचा असतो. गिऱ्हाइकाने विचारल्यास जे ताटात आहे तेच सांगितले पाहिजे, आणि मुलाखतीस जाण्यापूर्वी त्या उपाहारगृहाचे पदार्थपत्रक डोळ्यांखालून घातले पाहिजे.

गळ्यात तुळशीची माळ असलेला मुलगाही अशा मुलाखतीस जातो. त्याने 'सर्व काही खातो' असे सांगून नोकरी मिळवू नये. आठवड्याभरात चव घेण्याचा प्रसंग येतो आणि मग दोन्हींकडून अवघड होते. 'वाढीन, माहिती नीट सांगेन, परंतु चव घेणार नाही' असे आधीच सांगितल्यास काही ठिकाणी नकार मिळेल, काही ठिकाणी बेकरीचे किंवा स्वागतकक्षाचे काम मिळेल. नकार मिळाला तरी तो पहिल्या दिवशी मिळालेला बरा.

अनुभवाच्या रकान्यात आपली मुले 'नाही' असे लिहितात. हे पाहून नवल वाटते. हरिनाम सप्ताहात शेकडो माणसांच्या पंगतीत ज्याने वाढले आहे, कोणाच्या पत्रावळीवर काय संपले हे ज्याची नजर न सांगता टिपते, त्याला वाढण्याचा अनुभव नाही असे कोण म्हणेल? तो अनुभव बायोडाटात स्पष्ट लिहावा. फरक मात्र समजावून द्यावा. पंगतीत आग्रह हा मान असतो. उपाहारगृहात आग्रह करावयाचा नसतो. तेथे सुचवावे, ऑर्डर पुन्हा म्हणून दाखवावी आणि बाजूला व्हावे. एखाद्या पदार्थाची बाधा होते काय, हेही विचारावे. 'स्टेक फार भाजला गेला अशी तक्रार आली तर काय कराल?' हा नेहमीचा प्रश्न आहे. आचाऱ्यावर ढकलणारे उत्तर चालत नाही. दिलगिरी व्यक्त करून ताटली उचलणे, दुसरी येण्यास किती वेळ लागेल ते सांगणे आणि वरिष्ठास कळविणे, एवढेच पुरे. पाण्याने भरलेले सहा पेले तबकात ठेवून चालण्याचा सराव शाळेच्या व्हरांड्यातही होतो.

कागदपत्रांविषयी शिक्षकांना एक विनंती आहे. चारित्र्याच्या दाखल्यावर सर्वांसाठी एकच छापील वाक्य असते आणि मॅनेजर ते वाचतही नाही. मुलाने सप्ताहात, स्नेहसंमेलनात किंवा वसतिगृहात काय काम केले, हे त्यात दोन ओळींत लिहावे. कापलेली नखे, इस्त्रीचा सदरा आणि पॉलिश केलेले बूट हवेतच. उग्र अत्तर मात्र नको. अन्न हाताळणाऱ्याची वैद्यकीय तपासणी दरवर्षी करावी लागते, तेव्हा तिची तयारी असावी.

मुलाखत बहुधा दुपारची गर्दी ओसरल्यावर, तीन ते सहाच्या दरम्यान असते. दौंडहून पुणे रेल्वेने सुमारे 75 किलोमीटर आहे. शिरूरला रेल्वे नाही, आणि नगर रस्त्यावर वाघोलीला वाहने अडली की तासाचा हिशेब राहत नाही. दोन तास हाताशी ठेवूनच निघावे.

उमेदवारानेही विचारावयाचे प्रश्न असतात. नेमणूकपत्र लेखी मिळेल काय? भविष्य निर्वाह निधी कापतात काय? बक्षिशी सर्वांत वाटतात की ज्याची त्याला? मुलींच्या बाबतीत 2017 चा दुकाने व आस्थापना अधिनियम ठाऊक असावा. रात्री साडेनऊनंतर काम द्यावयाचे, तर तिची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक आहे. रात्रीचे काम मध्यरात्रीपर्यंत चालते, त्यामुळे रोज दौंड किंवा शिरूरहून जाऊन-येऊन ही नोकरी होत नाही. राहण्याची सोय कोठे, एका खोलीत किती जण आणि त्याचे पैसे पगारातून वळते होतात काय, हे नेमणूक स्वीकारण्यापूर्वी उमेदवारानेच विचारून घ्यावे.