सुराला वेळ द्या



संगीतशिक्षकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, आणि संमेलन मिरजेत भरले आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी या गावात ग्वाल्हेरची गायकी शिकवली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी या गावाला आपले मानले. इथल्या कारागिरांचे तंबोरे आजही देशभरच्या मैफलींत वाजतात. अशा गावात बोलायचे, तर ते सुराबद्दलच बोलावे, असे मला वाटले. आवाज घडवायला धीर लागतो. तो धीर आपल्या वर्गांत कसा आणायचा, एवढाच माझा आजचा विषय आहे.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी बाळकृष्णबुवांपाशी याच गावात वर्षानुवर्षे तालीम घेतली. १८९६ साली ते मिरजेहून बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. गाणे सामान्य घरांत पोहोचले ते या कामामुळे. ज्या मुलामुलींना कोणत्याही उस्तादाच्या दारात उभे राहता आले नसते, त्यांच्या हाती तंबोरा आला. आपण सगळे त्या कामाचे वारस आहोत. पण वर्ग आला तसे वेळापत्रक आले, अभ्यासक्रम आला, परीक्षा आली. शिष्याचा षड्ज लागेपर्यंत बुवा थांबू शकत होते. आपल्याकडे पाऊण तास झाला की पुढची तुकडी दारात येते. सगळ्यांनी पुन्हा गुरुगृही जाऊन राहावे, असे मी म्हणणार नाही. ती व्यवस्था फार थोड्यांची होती. मात्र तिथला धीर वर्गातही आणता येतो, अशी माझी खात्री आहे.

आपण विद्यार्थ्याकडून नेमके काय मागतो, ते आधी पाहू. काळी एकमध्ये गाणारा पुरुष मध्य षड्ज लावतो, तेव्हा त्याच्या स्वरतंतूंची कंपने सेकंदाला सुमारे १३८ असतात. काळी पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीच्या मध्य षड्जाला ती सुमारे २३३ असतात. इतक्या वेगाने एकमेकांना भिडणारे हे तंतू म्हणजे नाजूक त्वचेच्या दोन घड्या. त्यांना हुकूम सोडून काम करून घेता येत नाही. मान ताठ केली, जबडा आवळला, खांदे उचलून श्वास भरला, की त्यांच्यावर ताण येतो आणि सूर बोथट होतो. हा ताण वर्षभर रोज घोटला, तर तोच घशाची सवय होतो. म्हणून किती तास रियाज केला, हे विचारण्याआधी त्या तासांत काय घोटले गेले, हे विचारले पाहिजे. चुकीचा आवाज लावून केलेले चार तास विद्यार्थ्याला मागे नेतात.

रियाजात पहिले काम कानाचे आहे. तंबोरा नीट जुळवावा, जवारी मोकळी असावी आणि विद्यार्थ्याने काही वेळ नुसते ऐकावे. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो. हार्मोनियमचा शुद्ध गांधार त्याहून किंचित चढा असतो. ज्याने हा तारेतला गांधार कधी ऐकलाच नाही, त्याच्या भूपातला गांधार निर्जीव वाटतो, मग आलाप कितीही पाठ असोत. आता प्रत्येक मोबाइलमध्ये तंबोरा आहे. घरच्या सरावाला तो जरूर वापरावा. पण वर्गात आठवड्यातून एकदा तरी मुलांच्या हाती खरा तंबोरा द्या आणि तो त्यांनाच जुळवू द्या. तार जुळवताना कानाला जे कळते, ते दुसऱ्याने सांगून कळत नाही.

त्यानंतर षड्ज. मोकळा आकार, सैल जबडा, बेताचा श्वास आणि आवाज मध्यम. सूर लावल्यावर तो तंबोऱ्यात मिसळला का, हे विद्यार्थ्याने स्वतः ओळखायचे. तिथून हळूहळू मंद्राकडे उतरायचे. खर्जाची साधना सकाळी करावी ही आपली जुनी शिस्त उपयोगाची आहे, पण जो सूर गळ्यात नाही, तो घसा दाबून काढणे ही खर्जसाधना नव्हे. तारसप्तकाचेही तसेच. वरचा सूर ओरडून गाठला की श्रोते टाळ्या वाजवतील. घसा मात्र ते विसरत नाही.

पलटे घ्यायचे ते इतक्या सावकाश की प्रत्येक स्वर वेगळा ऐकू यावा. स्वर स्वच्छ आले की लय थोडी वाढवावी, दाणा पुसट झाला की लगेच खाली यावे. सात स्वरांचे मेरुखंडाच्या रीतीने ५०४० क्रम होतात. ते सगळे पाठ करण्याची गरज नाही. चार स्वरांचे चोवीस क्रम, प्रत्येक क्रम एका श्वासाच्या आवाक्यात, सुरात आणि समान वजनाने म्हणता आले, तरी तानेचा पाया पक्का होतो. आणि नव्या विद्यार्थ्याने हे सलग दोन तास करू नये. वीस-वीस मिनिटांच्या बैठका, मध्ये विश्रांती, पुरेसे पाणी आणि घसा बसला असेल त्या दिवशी मौन, हेही रियाजाचेच भाग आहेत.

धीराचा आणखी एक अर्थ आपल्या परंपरेने दाखवला आहे. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अतिगायनाने गेला. परत आला तो पूर्वीचा नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी घडवली, आणि आज आपण तिला जयपूर-अत्रौली घराणे म्हणतो. १९२१ साली केसरबाई केरकर त्यांचा गंडा बांधून शिकू लागल्या, तेव्हा त्या मैफली करणाऱ्या गायिका होत्या. तरी पुन्हा शिष्या होऊन बसल्या. कुमार गंधर्वांना देवासला क्षयाने वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळवले. १९५३च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा त्यांनी आपल्या श्वासाच्या बेताने गाण्याची मांडणी केली. या तिघांनी आपला गळा जसा होता तसा ओळखला आणि त्याच्याशी प्रामाणिक राहून काम केले.

आपल्या वर्गात मात्र पंचवीस गळ्यांना आपण एकाच पट्टीत बसवतो. शिक्षक पुरुष असेल तर मुली त्याच्या पट्टीत खाली घुसमटतात. शिक्षिका असेल तर मुलगे तिच्या पट्टीत वर ताणतात. वयात येताना मुलाचा आवाज फुटतो, त्या काळात त्याच्याकडून तारसप्तक मागणे म्हणजे त्याच्या गळ्याशी खेळणे आहे. प्रा. बी. आर. देवधरांनी मुंबईत आवाजाच्या शास्त्राचा आयुष्यभर अभ्यास केला, तो आपल्यासारख्या शिक्षकांच्या हाती यावा म्हणून. तो मार्ग आपण ओस पडू देता कामा नये.

या संमेलनाने चार गोष्टींचा आग्रह धरावा, अशी माझी सूचना आहे. पहिली, प्रारंभीच्या परीक्षांत रागांची संख्या कमी करून सूर लावणे, आकार आणि दमसास यांना अधिक गुण द्यावेत. दुसरी, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याची पट्टी स्वतंत्रपणे ठरवावी आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा तपासावी. तिसरी, शिक्षकांच्या प्रशिक्षणात घशाच्या डॉक्टरांची व्याख्याने असावीत, आणि घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर विद्यार्थ्याला तपासणीसाठी पाठवणे हे आपले कर्तव्य मानावे. चौथी, पालकांशी स्पष्ट बोलावे. दहावीचे वाढीव गुण किंवा दूरचित्रवाणीवरची स्पर्धा यांसाठी घाई करणाऱ्या पालकाला सांगावे, की तुमच्या मुलाचा गळा आयुष्यभराचा आहे आणि तो आम्ही घाईवर सोपवणार नाही.

हे सांगताना विद्यार्थी कमी होतील, ही भीती मला माहीत आहे. वर्गाच्या फीवर अनेकांची घरे चालतात, म्हणून ती भीती मी हलकी मानत नाही. पण ज्या मुलाचा षड्ज खरोखर लागतो, त्याला त्या क्षणी जो आनंद होतो, तो त्याला पुन्हा वर्गात आणतो. पाठ केलेल्या दहा रागांनी विद्यार्थी टिकत नाही. लागलेल्या एका सुराने टिकतो, हे तुमच्यातल्या प्रत्येक जुन्या शिक्षकाने पाहिले आहे.

शिष्याला धीर धरायला सांगणे सोपे आहे. तो धीर आधी शिक्षकाने धरायचा असतो: त्याच चुकीला पुन्हा न चिडता थांबवायचे, तोच स्वर पुन्हा स्वतः गाऊन दाखवायचा, आणि विद्यार्थी तयार नसेल तर परीक्षेचा अर्ज पुढच्या सत्रावर ढकलायचा. इथून परतल्यावर या आठवड्यातला एक तास नवा राग न शिकवता नुसत्या षड्जाला द्या, एवढी माझी तुम्हा सर्वांना कळकळीची विनंती आहे.