पोराचा मेंदू आणि दारचा शेवगा

मंडळी, वर्गात डुलक्या घेणारं पोर मठ्ठच असतं असं नाही. पुष्कळदा ते उपाशी असतं. गुरुजी, छडीआधी एवढं विचारा, सकाळी काय खाल्लंस?

माणसाचा मेंदू वजनानं शरीराच्या पन्नासावा हिस्सा, पण प्राणवायू पाचवा हिस्सा खातो. जाळ मोठा, म्हणजे ठिणग्याही उडायच्याच. त्या विझवणारी द्रव्यं अन्नात असतात. शास्त्रज्ञ त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. आपल्या सोलापुरी डाळिंबात ती भरपूर. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण फळ बाजारात जातं, पोराच्या हाती येतच नाही! असो. शेवगा तर दारात आहे. शेंगा आपण खातो, पाला शेळीला घालतो. तोच पाला डाळीत शिजवा, वर लिंबू पिळा. म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको. भाकरीबरोबर शेंगाचटणी आहेच; बुरशी आलेला दाणा तेवढा फेकून द्या.

ब्राह्मीचं विचाराल, तर रिकाम्या पोटी ती काय करणार? आधी भाकरी. आणि घरात गरोदर सून असेल, तर तिचं ताट सगळ्यांच्या आधी वाढा. मेंदूची बरीचशी वाढ पोटात आणि पहिल्या दोन वर्षांतच होऊन जाते.