मोटरहोमचा हेडलाइट: उजेड वाटेत कुठे सांडतो?



मी भिलाईहून बोलतोय, पावर हाउसमधून. पावर हाउस म्हणजे आमच्याकडे एक वस्ती, एक बाजार आणि हावडा-नागपूर-मुंबई लाइनवरचं एक रेल्वे स्टेशन. जवळूनच जी. ई. रोड जातो, ग्रेट ईस्टर्न रोड. १९५६ पर्यंत आमचा दुर्ग आणि तुमचं नागपूर एकाच राज्यात होते, आणि पुढे पोलाद कारखान्यामुळे विदर्भातली खूप मंडळी इकडे आली, म्हणून इथल्या दुकानात तुम्हाला मराठी ऐकू येईल. माझं काम गाड्यांच्या वायरिंगचं. आजचा विषय आहे मोटरहोमचे मंद हेडलाइट. कोणी कॅराव्हॅन म्हणतं, कोणी घरगाडी म्हणतं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर ह्या गाड्यांची चौकशी वाढली. बहुतेक गाड्या टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या बॉडीवर बांधलेल्या असतात. आत बेड, ओटा, फ्रिज, सगळं नवं. पुढचे दोन दिवे मात्र मूळ गाडीचेच. आणि रात्री तुमचा जीव त्या दोन दिव्यांवर असतो.

आमच्याकडचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी, मग राजनांदगाव, दुर्ग, भिलाई. राष्ट्रीय महामार्ग ५३, जुना सहा नंबर. साकोली ते देवरीच्या टापूत नवेगाव आणि नागझिऱ्याच्या मधलं जंगल आहे, वन्य प्राण्यांची ये-जा आहे. सीमा ओलांडून छत्तीसगढमध्ये आलात की पावसाळ्यात गुरं रस्त्यावर बसलेली. रान ओलं, डांबर कोरडं आणि उबदार, शिवाय तिथे माश्या-डास कमी. गुरं तिथेच बसणार. पेरणीनंतर गुरं आवरून धरायची आमच्याकडे जुनी रीत आहे, तिला रोका-छेका म्हणतात, सरकारनंही ती मोहीम म्हणून चालवली. तरी रस्त्यावर गुरं असतातच. काळी म्हैस, काळं डांबर, आणि वरून पाऊस. म्हशीच्या पाठीला काही रिफ्लेक्टर लावलेला नसतो.

आता थोडं गणित, कंटाळू नका. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दिसलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. २५ मीटर गेले. भरलेल्या गाडीला थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी २८ मीटर धरा. झाले ५३. डिप्परवर काळी वस्तू साधारण ५० मीटरवर ओळखू येते असं धरलं, तर तुम्ही आधीच काठावर आहात. हीच वस्तू तुम्हाला ४० मीटरवर दिसायला लागली तर? मग ताशी ५० च्या वर जाण्यात अर्थ नाही, कारण ५० ला थांबायला ४० मीटर लागतात. हे १० मीटर कुठे जातात, तेच आज पाहायचंय.

लोक दुकानात येतात आणि पहिलं वाक्य असतं, "मोठा बल्ब टाका." मागच्या हिवाळ्यात एक जोडपं आलं होतं. नागपूरकडचे, निवृत्त, पुरीला निघालेले. काका म्हणाले, "भाऊ, सगळ्यात महागडे बल्ब टाका, पण रस्ता दिसू द्या." मी म्हटलं, "काका, आधी मीटर लावून पाहू, बल्बचं नंतर बघू." काकूंनी लगेच विचारलं, "मीटर लावायचे किती घेता?" बरोबर प्रश्न.

मल्टिमीटर लावला. इंजिन चालू, डिप्पर चालू, बॅटरीच्या दोन टोकांवर १३.९ व्होल्ट. ठीक. मग बल्बच्या होल्डरमध्ये, बल्ब जळत असतानाच, मागून पिना टोचून पाहिलं: ११.७. बॅटरीतून निघालेले दोन व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच गेले. बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर मोजू नका बरं. करंट वाहत नसेल तर गळती दिसतच नाही, मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि मेकॅनिक म्हणतो, सगळं ओके आहे.

दोन व्होल्टनं काय होतं, असं वाटेल. हॅलोजन बल्बचा स्वभाव सरळ नाही. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड दहा टक्के नाही, तीस टक्के उतरतो. पंधरा टक्के उतरलं की उजेड निम्म्याच्या थोडाच वर राहतो. काकांच्या गाडीत काम झाल्यावर होल्डरवर १३.४ आले. हिशेब केला तर आधी त्यांना जेमतेम ६३ टक्के उजेड मिळत होता. आणि अंतर दुप्पट करायचं तर उजेड चौपट लागतो, म्हणजे उजेड ६३ टक्के झाला की दिसण्याचं अंतर ७९ टक्के होतं. ५० चे ४० मीटर. तेच ते १० मीटर. बल्ब जुनेच होते, कंपनीचे, ६०/५५ वॅटचे.

गळती होते कशी? डिप्परवर ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून ९ अँपियरच्या आसपास ओढतात. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये हा सगळा करंट बॅटरीतून फ्यूज बॉक्सला, तिथून स्टिअरिंगजवळच्या अप्पर-डिप्परच्या स्विचला, आणि परत पुढे दिव्यांपर्यंत जातो. एक स्क्वेअरची, म्हणजे एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर धरली तर सहा मीटरच्या अशा फेऱ्यात एक व्होल्ट सहज जातो. शिवाय स्विचचे काळे पडलेले कॉन्टॅक्ट, सैल कपलर, गंजलेला फ्यूज, प्रत्येक जण आपला वाटा घेतो. मोटरहोममध्ये हे जास्त होतं, कारण ही गाडी वर्षातले कितीतरी महिने अंगणात उभी असते. चालणाऱ्या टॅक्सीचे जोड निदान हलत राहतात. उभ्या गाडीचे जोड शांतपणे हिरवे होतात.

दुसरी बाजू अर्थची. तिकडे कोणी पाहतच नाही. बॅटरीचं मायनस टोक आणि होल्डरची अर्थ पिन, यांच्यावर मीटर लावा, दिवे चालू ठेवून. शून्याच्या जवळ यायला हवं. काकांच्या गाडीत ०.७ आले. गाडी बांधणाऱ्यानं फ्रिजच्या आणि इन्व्हर्टरच्या वायरी मूळ अर्थच्या बोल्टवरच चढवल्या होत्या, तेही रंगावर. रंगाच्या थरातून वीज कशी जाणार? बोल्ट सोडला, पत्रा घासून चकचकीत केला, थिंबल नवे लावले, वर ग्रीस, आणि घरातल्या सामानाची अर्थ वेगळी केली. या एवढ्यानंच अर्धा व्होल्ट परत आला.

उरलेली गळती बुजवायला रिले. रिले म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून चालणारा जाड स्विच. तुमच्या जुन्या वायरीनं फक्त निरोप पोचवायचा, ओझं रिलेनं उचलायचं. रिलेवर आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७. ३० ला बॅटरीपासून फ्यूजमधून आलेली जाड वायर. ८७ वरून दिव्याला. ८५ आणि ८६ मध्ये निरोप, एका टोकाला जुन्या होल्डरची वायर, दुसऱ्याला अर्थ. डिप्परला एक रिले, अप्परला एक. वायर अडीच स्क्वेअरपेक्षा बारीक नको. प्रत्येकी १५ अँपियरचा फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर, लांब नाही. फ्यूजच्या आधीची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं कोणी नसतं आणि गाडीत तुमचा गॅस सिलिंडर आहे, हे विसरू नका.

तयार हार्नेस मिळतो, मूळ होल्डर त्यात सरळ बसतो, कारखान्याची एकही वायर कापावी लागत नाही. तोच घ्या. एक सावधगिरी: काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूनं काम करतो. अशा गाडीत साधा हार्नेस लावला की कधी दिवे लागतच नाहीत, कधी भलतीच निळी खूण डॅशबोर्डवर पेटते. आधी टेस्ट लॅम्पनं पाहून घ्या. आणि नव्या गाड्यांत कंप्युटर दिवे सांभाळतो, त्यांत रिले आधीपासून असतात. तिथे मीटरवर गळती दिसली नाही तर काही लावू नका. ज्याला दुखणं नाही त्याला औषध कशाला?

आता मोठ्या बल्बकडे येतो, कारण काका काही सोडत नव्हते. १०० वॅटचे बल्ब बाजारात मिळतात. वॅट वाढले की अँपियर वाढतात, अँपियर वाढले की त्याच बारीक वायरीतली गळतीही तेवढीच वाढते. म्हणजे पैसे उष्णतेला. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा जळून काळा पडतो, आणि तो एकदा गेला की कुठलाही बल्ब घाला, उजेड येत नाही. निळसर पांढरे बल्ब तर मला कळतच नाहीत. काचेवरचा निळा रंग उजेड गाळून ठेवतो, वाढवत नाही.

एलईडीचं विचाराल. हॅलोजनच्या जागी बसणारा एलईडी बल्ब घातला की गाडीसमोरचा दहा-पंधरा मीटरचा तुकडा लख्ख होतो आणि माणूस खूश होतो. पण रिफ्लेक्टर बनवलाय तो एका बारीक तारेसाठी, ती अमुक मिलिमीटरवर असणार असं धरून. एलईडीच्या पट्ट्या तिथे बरोबर बसत नाहीत, मग उजेड वर उडतो. जवळचं जास्त उजळलं की डोळ्याची बाहुली आवळते आणि लांबचं उलट कमी दिसतं. समोरच्याचं काय होतं ते तो अप्पर मारून सांगतोच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम याच गोष्टीबद्दल आहे: दिव्याचा झोत खाली वळलेला हवा, समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत. एलईडी हवाच असेल तर एलईडीसाठीच बनलेलं आणि त्या गाडीला मंजूर असलेलं पूर्ण युनिट घ्या. टपावरचा लाइट बार जंगलातल्या खासगी रस्त्यावर शोभतो, हायवेवर नाही.

काच. प्लास्टिकची असेल तर उन्हानं पिवळी पडते, आणि पुन्हा तेच, अंगणात उभी गाडी जास्त पिवळी पडते. वॉटर पेपर पाण्यात भिजवून, आधी ८०० किंवा १०००, मग २०००, मग ३०००, शेवटी पॉलिश. पण त्यावर ऊन अडवणारा कोट मारला नाही तर थोड्याच महिन्यांत पहिल्यासारखी. टूथपेस्टचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच, दोन आठवडे बरं दिसतं. काच आतून धुरकट असेल तर घासून उपयोग नाही. आणि विंडशील्ड आतून पुसा! आतल्या प्लास्टिकची वाफ काचेवर बसते, समोरून दिवा आला की सगळी काच दुधाळ होते. मागे बेडजवळचा दिवा चालू ठेवून गाडी चालवू नका, त्याचं प्रतिबिंब समोर पडतं.

हे सगळं झालं तरी एक गोष्ट राहते, आणि मोटरहोममध्ये माझ्या मते तीच सगळ्यात जास्त फसवते. झोताची दिशा. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, सामान, बहुतेक वजन मागे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. मागचं टोक बसतं, नाक वर जातं. डिप्परचा झोत साधारण एक टक्का खाली असतो, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर. पुढच्या-मागच्या चाकांत तीन-साडेतीन मीटर अंतर असेल, तर मागचा भाग फक्त तीन-साडेतीन सेंटिमीटर बसला की तो एक टक्का संपला. झोत सरळ झाला. उजेड झाडांवर आणि समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत, रस्त्यावर अंधार. माणूस म्हणतो, लाइट मंद आहे. लाइट मंद नाही, तो वर बघतोय.

म्हणून टाकी भरून, सगळं सामान ठेवून, टायरची हवा नीट करून, ड्रायव्हर सीटवर बसवून गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजा, भिंतीवर तेवढ्या उंचीपासून १० सेंटिमीटर खाली पट्टी चिकटवा. दिव्याजवळ कंपनीनं वेगळी टक्केवारी छापली असेल तर ती धरा. आपल्याकडच्या दिव्यात उजेडाची कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे वर चढलेली असते, कारण डावीकडे रस्त्याची कड आणि पायी चालणारा असतो. सपाट भाग पट्टीवर आणा, दिव्यामागच्या स्क्रूनं. काही गाड्यांत डॅशबोर्डवर दिवे खाली-वर करायचं चाक असतं, ते आधी शून्यावर ठेवा.

काकांच्या गाडीचा झोत आम्ही दुकानासमोर नाही, मागच्या गल्लीत एका गोदामाच्या भिंतीवर लावला, कारण रस्त्याला उतार आहे. अंधार पडेपर्यंत थांबावं लागलं. काकूंनी गाडीतच चहा केला, दुकानातल्या पोरांनाही दिला. पट्टीवर कड आली तेव्हा काका म्हणाले, "आधी तर हा उजेड त्या पत्र्याच्या वर जात होता."

त्यांना एक गोष्ट मी सांगितली ती तुम्हालाही सांगतो. विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. मोटरहोम घेणारे बरेच जण निवृत्त असतात. समोरच्या दिव्याभोवती कडं दिसत असेल, तर गाडीच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, मोतीबिंदू असू शकतो. त्याला माझ्याकडे रिले नाही.

आणि हो, रिले लावल्यावर बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळतं, म्हणून तो थोडा लवकर जातो. व्होल्टेज पाच टक्के वाढलं की आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. गाडीत दोन बल्ब, दोन १५ चे फ्यूज आणि एक रिले ठेवा. दोन्ही बल्ब एकदमच बदला, आणि काचेला बोट लावू नका, कापडानं धरा.