खिशातला जपानी शब्दकोश

जपानी शिकू लागलो तेव्हा आमची पहिली चूक झाली ती कोश घेताना. खिशात मावणारा, पातळ कागदाचा, शब्द भरपूर. आम्ही हुरळून गेलो. घरी येऊन उघडतो तो काय, इंग्रजी शब्दापुढे नुसती कांजी चिन्हे! उच्चाराचा पत्ता नाही. कोश इंग्रजी शिकणाऱ्या जपानी मुलांसाठी रचलेला. त्यांना आपल्याच भाषेचे उच्चार कशाला सांगायचे? आम्हाला मात्र ते शोधायला दुसरा कोश घ्यावा लागला.

तेव्हा प्रत्येक कांजीशेजारी काना लिपीत उच्चार दिला आहे ना, हे दुकानातच पाहावे. केवळ रोमन अक्षरांतला कोश सोपा वाटतो, पण तो घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘हाशि’ म्हणजे पूल, जेवणाच्या काड्या आणि कडाही. तिन्हींची कांजी निराळी, रोमन लिपीत मात्र तिन्ही एकच. शिवाय काना क्रमाला आपण तरी का भ्यावे? अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनातून तिकडे रुजलेला हा आपल्याच वर्णमालेचा क्रम. ‘प’च्या जागी ‘ह’ दिसतो, कारण त्या ‘ह’चा उच्चार पूर्वी ‘प’ असा होता.

एक राहिले. ‘ताबेमाशिता’, म्हणजे ‘जेवलो’, हे कोशात शोधत बसू नये. ते ‘ताबेरु’खाली सापडते. शेवटी क्रियापदांचा तक्ता जोडलेला असेल, तर त्या कोशाला चार पैसे जास्त मोजावेत.