पाठीवरचं बिऱ्हाड



अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एक मोठं तळं आहे. त्या तळ्यातून यलोस्टोन नदी जिथे बाहेर पडते तिथे ओंडक्यांचा एक जुना पूल आहे. पुलाचं नाव फिशिंग ब्रिज, पण त्यावर उभं राहून मासे धरायला १९७३ पासून बंदी आहे, कारण खालच्या पाण्यात ट्राउट मासे अंडी घालतात. हा सगळा टापू ग्रिझली अस्वलांच्या वावराचा. म्हणून पुलाजवळच्या कॅम्पग्राउंडचा नियम कडक आहे: कापडी तंबू चालणार नाही, भिंती टणकच हव्यात. चाकांवरची घरं तेवढी तिथे मुक्कामाला राहू शकतात. तळ्याची उंची २,३५० मीटरहून जास्त, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सातशे मीटर वर. जून महिन्यातही काही रात्री पारा शून्याखाली उतरतो.

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर यलोस्टोनच्या परिसरात अशी चाकांवरची घरं येऊन लागतात. बरीचशी आठ-पंधरा दिवसांच्या सुट्टीसाठी आलेल्या कुटुंबांची असतात. काही मात्र कामावर हजर व्हायला आलेल्यांची असतात. सहसा नवरा-बायकोची जोडी, पुष्कळदा साठीच्या पुढची. त्यांनी राहतं घर विकलेलं किंवा सोडलेलं असतं आणि गाडी हेच त्यांचं एकमेव घर असतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. या माणसांनी ते बिऱ्हाड विचारपूर्वक पाठीवर घेतलेलं असतं, आणि त्याचा खर्च भागवण्यासाठी ती हंगामी काम करतात. अमेरिकेत त्यांना ‘वर्ककॅम्पर’ म्हणतात. १९८७ मध्ये आर्कान्सा राज्यातून ‘वर्ककॅम्पर न्यूज’ नावाचं नियतकालिक निघू लागलं आणि हा शब्द रुळला. कुठल्या कॅम्पग्राउंडला कोणत्या महिन्यात माणसं हवी आहेत, याच्या जाहिराती त्यात येत.

या गाड्यांना तिथे आरव्ही म्हणतात. काही बसएवढ्या मोठ्या, काही चालकाच्या डोक्यावर बिछाना असलेल्या, काही पिकअप ट्रकला जोडून ओढायच्या. त्यांचा इतिहास जवळजवळ मोटारगाडीइतकाच जुना. १९१० मध्येच पिअर्स-ॲरो कंपनीने प्रवासात झोपता येईल अशी गाडी न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात मांडली होती. १९३० च्या दशकात वॉली बायम यांनी एअरस्ट्रीमचे चकचकीत ॲल्युमिनियमचे ट्रेलर रस्त्यावर आणले. पण गाडी असून भागत नाही, रात्री ती उभी करायला जागा लागते. १९६२ मध्ये सिएटलला जागतिक प्रदर्शन भरलं. मोंटाना राज्यातल्या बिलिंग्स गावावरून तिकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागली. तिथल्या डेव्ह ड्रम यांची नदीकाठी जमीन होती. त्यांनी तिथे मुक्कामाच्या जागा आखल्या, गरम पाण्याच्या आंघोळीची सोय केली, लहानसं दुकान थाटलं आणि रात्रीचे पावणेदोन डॉलर घ्यायला सुरुवात केली. आज ‘केओए’ नावाने ओळखली जाणारी कॅम्पग्राउंडची मोठी साखळी तिथून वाढली. आणि ती नदी कोणती? फिशिंग ब्रिजखालून निघालेली तीच यलोस्टोन.

आता या माणसांचा दिवस कसा जातो ते पाहू.

अमेरिकेतल्या पुष्कळ सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये शिरताच पहिल्या जागेवर एक पाटी दिसते: ‘कॅम्प होस्ट’. म्हणजे यजमान. ज्याला स्वतःचं अंगण नाही, तो इथे शंभर अनोळखी लोकांचा यजमान असतो. सकाळी तो फेरी मारतो. कोण गेलं, कोण आलं, पावती खांबाला लावली आहे का, हे पाहतो. स्वच्छतागृहं धुतो. शेकोटीच्या लोखंडी कड्यांतली राख काढतो, आधी हात जवळ नेऊन ती पूर्ण विझली आहे ना याची खात्री करतो, कारण उन्हाळ्यात एका ठिणगीने जंगल पेटतं. दुपारी नवे पाहुणे येतात. अस्वलांच्या मुलखात त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: खाण्याचा कणही बाहेर ठेवू नका. दात घासायची पेस्टसुद्धा गाडीत किंवा लोखंडी पेटीत बंद करा, कारण अस्वलाला वास पुरतो. माणसांच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल धीट होतं आणि पुष्कळदा त्याला मारावं लागतं. पाहुणा रात्री दहा वाजता दार वाजवून गाडीचा नळ गळतो म्हणाला, तरी यजमान बॅटरी घेऊन बाहेर येतो.

मोबदल्याच्या रीती दोन. पहिली, आठवड्याला वीस-तीस तास काम आणि त्याबदल्यात वीज, पाणी, मैलापाण्याच्या जोडणीसह जागा मोफत. दुसरी, प्रत्येक तासाचा पगार आणि जागेचं भाडं वेगळं. जुने वर्ककॅम्पर नवख्यांना बजावतात की तास किती, सुट्टीचे वार कोणते, विजेचं बिल कोण भरणार, हे सगळं निघण्याआधी लिहून घ्या. दोन हजार किलोमीटर गाडी हाकून पोचल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

घर चाकांवर असलं की संसाराचे हिशेब बारीक होतात. गाडीत तीन टाक्या असतात: एक पिण्याच्या पाण्याची, एक आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची, एक शौचालयाची. त्या रिकाम्या करायचा क्रम ठरलेला. शौचालयाची टाकी आधी सोडायची आणि सांडपाण्याची मागून, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. विजेची जोडणी तीस अँपिअरची असेल तर जेमतेम ३,६०० वॅट मिळतात. एअर कंडिशनर चालू असताना मायक्रोवेव्ह लावला आणि वर केस वाळवायचं यंत्र सुरू केलं, की वीज गेलीच. गाडीची उंची चालकासमोर चिकटवून ठेवतात, कारण कमी उंचीचा पूल पुढे आला तर मागे वळायला जागा मिळेलच असं नाही. थंडी अचानक पडली तर पाण्याची नळी फुटते, म्हणून रात्री ती काढून आत घ्यायची. भिंतीत नळ आणि बटणं असलेल्या घरात या गोष्टींचा विचारही मनात येत नाही. इथे रोज करावा लागतो, आणि पाण्याची बादली किती मोलाची आहे हे दुसऱ्याच दिवशी कळतं.

एवढ्या खटाटोपाच्या बदल्यात काय मिळतं? आठवड्याचे दोन-तीन सुट्टीचे दिवस, आणि डोंगर दाराशी. पर्यटकाकडे यलोस्टोनसाठी दोन दिवस असतात, हंगामी कामगाराकडे पाच महिने. तो पहाटे लामार खोऱ्यात जाऊन दुर्बीण लावून बसू शकतो. १९९५ मध्ये याच उद्यानात लांडगे पुन्हा आणून सोडले गेले, आणि तेव्हापासून लांडगे पाहायला येणाऱ्यांचा एक चिवट मेळा या खोऱ्यात जमतो. एका पहाटे लांडगा दिसला नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा येता येतं. गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनपासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यापासून १०० यार्ड लांब राहायचं, हा तिथला नियम त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. सप्टेंबरात गर्दी ओसरते, एल्क हरणांचा माजाचा काळ येतो आणि नरांच्या शिट्टीसारख्या हाका संध्याकाळभर ऐकू येतात. शाळा उघडल्यामुळे सुट्टीवाले तोवर परतलेले असतात. यजमान अजून तिथेच असतो.

उत्तरेला ग्लेशियर उद्यानात ‘गोइंग टू द सन’ नावाचा कड्यावरचा रस्ता आहे. तो २,०२६ मीटर उंचीच्या लोगन खिंडीवरून जातो. त्याच्या अवघड टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आठ फुटांपेक्षा रुंद गाडीला मज्जाव आहे. म्हणून मोठ्या आरव्हीवाले मागे एक छोटी मोटार ओढत आणतात. घर खाली उभं करून ते त्या मोटारीतून वर जातात आणि खिंडीतून कड्याच्या कडेने जाणाऱ्या हायलाइन वाटेवर दिवसभर चालतात. पासष्टीत पहिल्यांदा पाठीला सॅक लावणारी माणसं या वाटांवर भेटतात. ६२ वर्षांवरच्या अमेरिकन नागरिकाला ८० डॉलरमध्ये सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास मिळतो, त्याचाही यात मोठा हात आहे.

ऑक्टोबर आला की डोंगरातलं काम संपतं. मग काहींच्या गाड्या पूर्वेला वळतात, नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवरच्या रेड नदीच्या खोऱ्यात. तिथे साखरेच्या बीटचा हंगाम असतो. त्या भागातली ‘अमेरिकन क्रिस्टल शुगर’ ही कंपनी १९७३ पासून शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीची आहे. काम बारा-बारा तासांच्या पाळ्यांत, रात्रंदिवस. ट्रक येतात, यंत्रं बीट ओततात, आणि वर्ककॅम्पर ट्रक लावून घेतात, साखरेचं प्रमाण तपासायला नमुन्याच्या पिशव्या भरतात, सांडलेला माल फावड्याने गोळा करतात. बीटच्या राशी उघड्यावरच रचल्या जातात, त्यामुळे सगळं हवेवर अवलंबून. ऊन चढलं तर रास आतून कुजेल म्हणून काम बंद. बीट गोठलं तरी बंद. पाऊस पडला तरी बंद.

श्रोतेहो, साखरेमागे बिऱ्हाड हलवणं महाराष्ट्राला नवं नाही. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड कुटुंबं निघतात, कारखान्याच्या परिसरात कोप्या उभारतात आणि घेतलेली उचल फेडेपर्यंत राबतात. रेड नदीकाठचा कामगार दोन-तीन आठवड्यांसाठी येतो, त्याच्या डोक्यावर उचल नसते, आणि त्याच्या कोपीत गरम पाणी असतं. हा फरक फार मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. साम्य एवढंच की दोन्हीकडे पीक ठरवतं आणि माणूस घरासकट जातो.

सगळेच हौसेने निघालेले नसतात, हेही सांगायला हवं. २००८ च्या आर्थिक मंदीत अनेकांची घरं आणि म्हातारपणाची शिल्लक गेली. त्यांनी गाडी घेतली ती भाडं परवडेना म्हणून. ॲमेझॉननेही त्याच वर्षी आरव्हीवाल्या कामगारांना सणासुदीच्या दिवसांत गोदामात घेण्याची योजना सुरू केली. ती दीडेक दशक चालली. पत्रकार जेसिका ब्रूडर यांनी या माणसांसोबत राहून २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं. त्यावरच्या क्लोई झाओ यांच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. सत्तरीतली बाई दहा तास गोदामाच्या फरशीवर चालते, हे दृश्य तोवर कोणी असं जवळून पाहिलं नव्हतं.

आणखी एक प्रश्न पत्त्याचा. बँक, मतदान, वाहनपरवाना, सगळीकडे पत्ता लागतो. जो आणि के पीटरसन यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेला, टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावचा ‘एस्केपीज’ हा आरव्हीवाल्यांचा क्लब सभासदांचं टपाल स्वीकारतो आणि सभासद असतील तिथे पाठवतो. पण या क्लबचं सगळ्यात मोलाचं काम वेगळं आहे. वय झालं, दुखणं आलं, गाडी हाकता येईनाशी झाली, की सभासद लिव्हिंग्स्टनला येऊन आपल्याच गाडीत राहू शकतो. जेवण मिळतं, देखभाल होते, दवाखान्यात नेणारं माणूस असतं. चाकं थांबतात, घर तेच राहतं.

हिवाळ्यात बहुतेकांची दिशा दक्षिण. ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे. उन्हाळ्यात जेमतेम दोन-तीन हजार वस्ती, जानेवारीत मात्र क्षितिजापर्यंत आरव्ही. गावाबाहेरच्या ला पोसा या सरकारी माळावर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत राहता येतं. अनेक वर्षं या सात महिन्यांचा परवाना १८० डॉलरला मिळत होता. प्रत्येक जागेवर विजेची तार नाही की नळ नाही. टपावर सौरपट्ट्या आणि पाण्याची जपणूक. दिवसा कोणी रंगीत दगड शोधत टेकड्या हिंडतं, रात्री शेकोटीभोवती पुढच्या उन्हाळ्याच्या कामांची चर्चा होते: कुठला मॅनेजर शब्दाला पक्का, कुठे तासांपेक्षा जास्त राबवतात.

या गावच्या स्मशानात दगडी पिरॅमिड आहे आणि त्यावर तांब्याचा उंट. १८५६ मध्ये अमेरिकी लष्कराने वाळवंटातल्या वाहतुकीसाठी उंट आणले. त्यांच्यासोबत आलेल्या हाजी अलीची ही समाधी. स्थानिकांच्या तोंडी त्याचं नाव ‘हाय जॉली’ झालं. उंटांचा प्रयोग फसला, हाजी अली मात्र इथेच राहिला आणि १९०२ मध्ये वारला. हिवाळ्यात आलेली माणसं आवर्जून ती समाधी पाहायला जातात.

१५ एप्रिलला परवान्याची मुदत संपते. माळावर एकेक गाडीचे टेकू निघतात, सौरपट्ट्या पुसल्या जातात, पाण्याची टाकी भरून घेतली जाते. उत्तरेला खिंडींत अजून बर्फ असतं, म्हणून युटामधल्या लाल खडकांत पंधरा-वीस दिवस थांबत थांबत ही बिऱ्हाडं वर सरकतात. मे महिन्यात ती डोंगरातल्या कॅम्पग्राउंडवर पोचतात तेव्हा पाहुणे आलेले नसतात, नळांना अजून पाणी सोडलेलं नसतं. यजमान आपली गाडी पहिल्या जागेवर लावतो, पाटी खांबाला अडकवतो, आणि फावडं घेऊन शेकोटीच्या कड्यांतली गेल्या वर्षीची ओली राख उपसायला लागतो.