निविष्ठांची खरेदी : गावचे दुकान, साखळी दुकान आणि मोबाईल

(खरीपपूर्व शेतकरी व कृषि सेवा केंद्र चालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खरीप तोंडावर आला की बियाणे, खते आणि औषधांची जुळवाजुळव सुरू होते. पूर्वी ही खरेदी म्हणजे तालुक्याच्या बाजारपेठेतले एक ठरलेले दुकान. आता मोठ्या कंपन्यांची साखळी दुकाने आहेत आणि मोबाईलवर मागणी नोंदवून घरपोच माल मिळण्याचीही सोय झाली आहे. दुकानदार म्हणतात, आमचे गिऱ्हाईक तुटले. शेतकरी म्हणतात, आम्हाला स्वस्त मिळाले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु खरेदी कोठे करावी हे केवळ छापील दरावर ठरवू नये. दर, उधारीचे व्याज, सल्ला आणि जबाबदारी या चार बाबी एकत्र मांडल्या तरच हिशेब पुरा होतो.

साखळी दुकानांचा अनुभव

खेड्यात साखळी दुकाने काढण्याचा प्रयत्न नवा नाही. डीसीएम श्रीराम या उद्योगसमूहाने २००२ साली 'हरियाली किसान बाजार' ही साखळी सुरू केली. बियाणे, खत, अवजारे, किराणा आणि सल्ला, सर्व एका छपराखाली देण्याची कल्पना चांगली होती. पण जागेचे भाडे, नोकरवर्ग व मालाची साठवण यांचा खर्च हंगामी विक्रीतून निघणे कठीण असते. पुढील दहा-बारा वर्षांतच कंपनीला हा पसारा आवरावा लागला. दुसरीकडे, पुण्यातून मिस्ड कॉलवर निविष्ठा विकू लागलेल्या अ‍ॅग्रोस्टारने पुढे गावोगावच्या दुकानदारांनाच आपल्या जाळ्यात घेतले.

यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, गावाजवळच्या माणसावाचून हा व्यवसाय चालत नाही. दोन, मोठी कंपनी तोट्यात आली तर दुकान बंद करून जाऊ शकते. अशा वेळी आडवळणाच्या गावातील लहान कोरडवाहू शेतकऱ्याला तालुक्यातले जुने दुकानही उरलेले नसेल, तर ऐन पेरणीत त्याने जायचे कोठे? म्हणून स्वतंत्र दुकान टिकणे ही आपलीही गरज आहे. मात्र ते कशाच्या बळावर टिकावे, हा खरा प्रश्न आहे.

दराची तुलना कशी करावी?

अनुदानित खतांच्या बाबतीत तुलनेला फारसा वाव नाही. निमकोटेड युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे ही शासनाने ठरविलेली असून विक्री ई-पॉस यंत्रावर आधार पडताळणी करूनच होते. येथे पाहायचे ते एवढेच, की युरियाबरोबर दुसरे एखादे खत वा टॉनिक गळ्यात मारले जात नाही ना. असे 'लिंकिंग' बेकायदेशीर आहे. आपला ग्राहक मोबाईलकडे वळण्यास हे एक मोठे कारण आहे, हे दुकानदार मित्रांनी ध्यानात घ्यावे.

कीटकनाशकांची गोष्ट वेगळी. बाटलीवरची कमाल किरकोळ किंमत बहुधा बाजारातील प्रत्यक्ष विक्रीदरापेक्षा बरीच जास्त असते. त्यामुळे मोबाईलवर '४० टक्के सूट' दिसली तरी तो माल स्वस्त असेलच असे नाही. तुलना करताना व्यापारी नाव बाजूला ठेवून तांत्रिक घटक व त्याचे प्रमाण वाचावे. उदाहरणार्थ, क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससी या कीटकनाशकाचे पेटंट २०२२ साली संपले. तेव्हापासून तेच औषध अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. बाटलीच्या किमतीस मिलिलिटरने भागून एकरी मात्रेने गुणावे, म्हणजे एकरी खर्च कळतो. दुकानाचा व मोबाईलचा दर याच पद्धतीने ताडून पाहावा.

उधारीचे खरे व्याज

दुकान सोडवत नाही याचे मोठे कारण उधारी आहे. एक साधा हिशेब करू. समजा, रोखीने १८,००० रुपयांना मिळणारा माल जूनमध्ये उधारीवर २०,००० रुपयांना घेतला आणि पैसे डिसेंबरमध्ये दिले. सहा महिन्यांसाठी १८,००० रुपयांवर २,००० रुपये जादा गेले. वर्षाच्या हिशेबाने हे व्याज २२ टक्क्यांच्या वर जाते. शिवाय काही ठिकाणी माल त्याच व्यापाऱ्याला घालण्याचे बंधन येते, त्यात भाव पडतो तो निराळाच.

याउलट ३ लाख रुपयांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडल्यास केंद्राची व्याज सवलत व राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याजाचा बोजा शून्यावर येतो. म्हणून पीक कर्ज वेळेवर उचलावे आणि त्याच रकमेतून निविष्ठा रोखीने घ्याव्यात. रोख पैसे हातात असले म्हणजे आपल्याच गावच्या दुकानदाराशीही भाव ठरविता येतो.

जे बटाईने शेती करतात किंवा थकबाकीमुळे ज्यांना बँक दारात उभे करीत नाही, त्यांना मात्र दुकानदार हीच बँक असते. मोबाईलवरचा विक्रेता सहसा त्यांच्या वहीवर उधार मांडत नाही. अशांनी निदान रोखीचा दर व उधारीचा दर दोन्ही विचारून लिहून घ्यावेत. बचत गटाकडून कर्ज मिळत असेल तर त्याचे व्याज या फरकाशी ताडून पाहावे.

सल्ल्याची किंमत

सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वेळी औषधांची मनमानी मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव आणि फवारणीची पद्धत या सर्वांची चर्चा झाली. औषध विकणाऱ्याचा एक शब्द किती मोलाचा असतो, हे यावरून समजावे. दोन औषधे एकत्र करू नका, लाल त्रिकोणाचे औषध टाळा, वारा असताना फवारू नका, असे सांगणारा दुकानदार मिळाला तर त्याचे चार पैसे जास्त गेले तरी ते वाया जात नाहीत. परंतु ज्या औषधावर कमिशन जास्त तेच पुढे करणारा दुकानदार असेल, तर त्याचा सल्ला मोबाईलवरील जाहिरातीपेक्षा वेगळा कसा म्हणावा?

निविष्ठा विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००३ साली 'देसी' हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. दुकान चालवूनही तो पूर्ण करता येतो. ज्यांनी केला नसेल त्यांनी तो अवश्य करावा. साखळीशी दरात झुंजणे एकट्या दुकानदाराला जड जाते, परंतु शेतावर येऊन पान उलटून पाहणे साखळीला जड जाते. आपले बळ कोठे आहे ते ओळखावे.

जबाबदारी कोणाची?

सन २०२० च्या खरिपात राज्यात सोयाबीन उगवले नाही अशा हजारो तक्रारी झाल्या. त्या वेळी पावती, पिशवी व टॅग जपून ठेवलेल्या शेतकऱ्यांची बाजू भक्कम राहिली. पावती मागणे म्हणजे दुकानदारावर अविश्वास दाखविणे नव्हे. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ आणि खत नियंत्रण आदेश १९८५ यांनुसार पावती देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तिच्यावर वाण, लॉट किंवा बॅच क्रमांक आणि दर असावा. विनापावती, चोरून विकले जाणारे तणनाशक सहनशील कपाशीचे बियाणे घेतले तर फसवणूक झाल्यावर दाद मागण्यास जागाच राहत नाही.

मोबाईलवरून खरेदी करणाऱ्यांनीही पुढील काळजी घ्यावी.

१. विक्रेत्याचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक पाहावा. कीटकनाशकांच्या ऑनलाईन विक्रीस २०२२ च्या नियमदुरुस्तीने वाट मिळाली, पण ती परवानाधारकासच.

२. टॉनिक किंवा जैव उत्तेजक घेताना ते खत नियंत्रण आदेशाप्रमाणे आहे का ते पाहावे. २०२१ पासून ही उत्पादने त्या आदेशाखाली आली आहेत.

३. खोके उघडताना फोटो काढावेत. मुदत संपल्याची तारीख व सील तपासावे.

४. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे कंपनीने तक्रार अधिकारी नेमणे आवश्यक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीच्या शहरी जाण्याची गरज नाही.

बियाणे कोठूनही आणले तरी पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी. सोयाबीनचे किमान ७० दाणे उगवले पाहिजेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये व बी ३ ते ५ सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नये. उगवण बिघडलीच तर तालुका तक्रार निवारण समितीकडे तत्काळ लेखी अर्ज करावा. पाहणी होईपर्यंत शेत मोडू नये.

एकत्र खरेदी

साखळी दुकानाला माल स्वस्त पडतो तो घाऊक खरेदीमुळे. हे बळ आपणही उभे करू शकतो. गावातील पंधरा-वीस शेतकऱ्यांनी मे महिन्यातच गरजेची एकत्र यादी करावी आणि तीन ठिकाणांहून दर मागवावेत: गावचे दुकान, शेतकरी उत्पादक कंपनी आणि ऑनलाईन विक्रेता. रोख पैसे आणि एकगठ्ठा मागणी पाहून स्थानिक दुकानदारही दर उतरवितो, असा बाजाराचा रिवाजच आहे. त्यालाही घाऊक मागणी आधी कळल्याने माल पडून राहत नाही.

दुकानदार मित्रांस विनंती

दराचा व साठ्याचा फलक दर्शनी भागात लावा. रोख व उधार दर उघड सांगा. मागितली नाही तरी पावती द्या. आठवड्यातून एक दिवस शिवारात फिरा. मातीचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पाठविणे, फवारणी पंपांची दुरुस्ती, ठिबकचे सुटे भाग आणि फोनवर मागणी घेऊन गावात माल पोचविणे, या सेवा लहान दुकानाला जमतात आणि त्यांसाठी गिऱ्हाईक पुन्हा येते.

बंधू-भगिनींनो, उधारीच्या दोरीने बांधलेले गिऱ्हाईक दोरी तुटली की जाते. योग्य सल्ला आणि पक्की पावती देणाऱ्या दुकानाकडे ते आपणहून येते. असे दुकान आपल्या गावात असेल तर दोन-चार रुपयांच्या फरकासाठी ते सोडू नका. नसेल, तर केवळ ओळखीखातर तेथे जाऊही नका. यंदाच्या खरेदीपूर्वी घरातल्या वहीत वरील चार रकाने आखा, आणि मगच पिशवी घेऊन निघा.