प्रिंटर आला, लेथ कुठे गेला?

"थ्रीडी प्रिंटर आला, आता टर्नर-फिटरचं काय?" असं मुलं मला विचारतात. मी मशीनसाठी सॉफ्टवेअर लिहितो. एकच उदाहरण देतो.

खुब्याचा सांधा बदलताना कमरेच्या हाडात धातूची वाटी बसवतात. २००७ मध्ये इटलीतल्या कंपन्यांनी अशा वाट्या प्रिंट करून आणल्या. टायटॅनियमची पूड इलेक्ट्रॉनच्या झोताने थरावर थर वितळवत नेतात. बाहेरचा भाग स्पंजासारखा जाळीदार होतो. त्या छिद्रांत हाड वाढतं आणि वाटी पकडून ठेवतं. अशी जाळी लेथवर कापून होत नाही.

पण प्रिंट केलेला पृष्ठभाग खरखरीत असतो. आतलं अस्तर नेमकं बसायचं तर ती बाजू आणि आटे मशीनवरच कापावे लागतात. म्हणून तिथे आधीच जादा धातू ठेवतात. तुकडा चकमध्ये कुठे धरायचा, हेही प्रिंट करण्याआधीच ठरतं. ते ठरवायला कापकाम जाणणारा माणूस लागतो.

तेव्हा आयटीआयवाल्यांनो, कॅड शिका. डिग्रीवाल्यांनो, महिनाभर लेथपाशी उभे राहा. आपल्यातली चूक कुणाच्या तरी आईच्या खुब्यात जाऊन बसते.